हद्द शेजाऱ्यानं सांगायची

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की गोष्ट कानाला लागते, पुढे बसलं की काळजाला. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं. मनात जागा असली की सतरंजीवर होतेच. आज एका रेघेची गोष्ट सांगायची आहे. ती रेघ जमिनीवर कुणालाच दिसत नव्हती, पण तिच्यापायी एका बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि तिच्या भावाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. घाबरू नका, शेवट गोड आहे. देवाच्या दयेनं तशाही गोष्टी जगात घडतात, फक्त त्या सांगायचा आपण आळस करतो.

एका मोठ्या शहराच्या कडेला एक उपनगर होतं, आणि त्या उपनगराच्या कचेरीत एक मोजणीदार होता. शेलाटा माणूस, उन्हानं रापलेला, खांद्यावर दुर्बिणीची तिपाई आणि कमरेला टेपची चकती. त्याची बायको म्हणायची की ह्यांना स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडत नाही, पण रस्त्याखाली गाडलेला हद्दीचा दगड वासावरून काढतील. कामाला चोख, बोलायला मवाळ. लाच सोडा, कुणाचा चहाही मोजणी संपल्याशिवाय घ्यायचा नाही.

आता त्या उपनगराची एक गंमत होती. ते नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पोस्टमनला विचारावं तर तो म्हणे पाण्याच्या टाकीपर्यंत. पोलिसाला विचारावं तर पुलापर्यंत. मतदानाच्या याद्या करणारे मधल्या रुंद रस्त्यावर थांबायचे. आणि घरं विकणारे दलाल? ते तर गिऱ्हाईक भेटेल तिथपर्यंत उपनगर ताणायचे, रबरासारखं. जुनी माणसं मात्र ठामपणे सांगायची: एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, तिसऱ्या बाजूला बंद गिरणीची भिंत, आणि चौथ्या बाजूला ओढा. तीन बाजू अजून जागच्या जागी होत्या. ओढा तेवढा गायब. रस्ता रुंद करताना तो पाइपात कोंबून रस्त्याच्या पोटात गाडला होता, त्याला इतका काळ लोटला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना पायाखाली पाणी वाहतंय याचा पत्ताही नव्हता.

त्या रस्त्याच्या पलीकडे एक छोटी गल्ली होती. तिचं म्हणजे धोब्याच्या कुत्र्यासारखं झालं होतं. कचरा न्यायला पलीकडच्या उपनगराची गाडी यायची, पत्रं आणायला अलीकडचा पोस्टमन. एकदा तिथल्या एका घरात धूर झाला, तेव्हा दोन्हीकडच्या बंबवाल्यांनी फोनवर एकच उत्तर दिलं की तुम्ही आमचे नाही, तिकडचे. त्यांचं ठरेपर्यंत घरच्यांनी बादल्यांनी आग विझवली आणि काळ्या पडलेल्या भांड्यात चहाही करून घेतला. या प्रकाराचा गवगवा झाला, आणि मग वरून हुकूम निघाला: यापुढे पोस्ट, पोलीस, पाणी, दवाखाना, सगळ्यांना मिळून एकच हद्द. जिथे जुनी हद्द सिद्ध होईल तिथे जुनी. जिथे होणार नाही तिथे रस्त्याचा मध्य.

ऐकायला किती सोपं. पण त्याच गल्लीत मोजणीदाराची थोरली बहीण राहत होती.

ताई शिवणकाम करायची. तिचे यजमान, म्हणजे मोजणीदाराचे भावोजी, बसवर कंडक्टर होते. काय खणखणीत आवाज त्या माणसाचा! पुढच्या स्टॉपचं नाव त्यांनी उच्चारलं की पेंगणारा उतारू दचकून उभा राहायचा, त्याचा स्टॉप नसला तरी. अशा माणसाला एक दिवस झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. घरात शिवणयंत्राचा तेवढा आवाज उरला.

तेव्हापासून अलीकडच्या उपनगराच्या दवाखान्यातली नर्सबाई त्यांच्याकडे घरी यायची. अंग पुसायची, हातापायांना व्यायाम द्यायची, आणि मग समोर खुर्ची ओढून बोलायला शिकवायची. आई, बाबा, पाणी, असले शब्द घेऊन तिनं पुष्कळ डोकं फोडलं. भावोजींच्या ओठांतून नुसता वारा यायचा. शेवटी तिनं एक युक्ती केली. ताईकडून त्यांच्या बसच्या मार्गावरचे स्टॉप विचारून घेतले आणि तेच ओळीनं म्हणायला लागली. पूल. टाकी. शाळा. गिरणी. मग एका सकाळी भावोजींच्या तोंडून, वेडावाकडा का होईना, ‘शाळा’ हा शब्द बाहेर पडला. ताईनं शिवणयंत्रावर डोकं टेकलं आणि ती रडली. त्या दिवशी कुणाच्या तरी सदऱ्याला एक बाही उलटी लागली, पण तिनं ती आनंदानं उसवली.

दवाखान्याचा नियम असा, की नर्सबाई घरी जाणार ती फक्त हद्दीच्या आत; आजवर दवाखाना ही गल्ली आतच धरत होता. आणि पलीकडच्या उपनगरात घरी येणारी नर्स नव्हतीच. पेशंटलाच त्यांच्या दवाखान्यात न्यायचं. भावोजींना तर दाराच्या पायऱ्या उतरवायच्या म्हणजे चार माणसं लागायची, आणि परक्या जागी नेलं की ते डोळे मिटून घ्यायचे. म्हणजे रेघ रस्त्याच्या मधून गेली, की ताईचं घर बाहेर, आणि नुकती कुठे उमलू लागलेली ती वाचा पुन्हा मुकी. एवढी ती रेघ, पण तिच्यावर एवढं मोठं ओझं.

मोजणीदाराच्या मनात फार दिवसांपासून एक शंका होती. रस्ता सरळ जात होता, पण ओढे कधी सरळ वाहतात? ताईच्या घरामागे एक कोरडी चर होती, गवतानं भरलेली, पोट काढून वळसा घेत गेलेली. त्या चरीच्या काठच्या घरांच्या भिंतींना बारा महिने ओल. त्याला वाटायचं की खरा ओढा गल्लीच्या मागून फिरत होता, आणि रस्ता करणाऱ्यांनी तो ओढून सरळ केला. तसं असेल तर नियम स्पष्ट होता: पाणी आपण होऊन सरकलं तर हद्द पाण्याबरोबर सरकते, माणसानं सरकवलं तर हद्द जागच्या जागी राहते. म्हणजे चर ही हद्द, आणि ताई आत.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. आणि ही शंका बहिणीच्या भावानं बोलून दाखवायची? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. शेवटी तो आपल्या कचेरीच्या प्रमुख मॅडमसमोर जाऊन उभा राहिला, सगळं सांगितलं, आणि हा तुकडा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “तुमची बहीण तिथे राहते म्हणून ओढ्यानं काही वाट बदलली नव्हती. आणि आपली रीत विसरलात का?”

ती रीत सांगायलाच हवी. त्या दोन उपनगरांच्या कचेऱ्यांत फार जुन्या काळापासून असं ठरलेलं होतं, की आपली हद्द आपण सांगायची नाही, शेजाऱ्यानं सांगायची. का? तर स्वतःची हद्द सांगताना माणसाची जीभ लांब होते. शेजारी मात्र गरजेपेक्षा एक वीतही जास्त देणार नाही, म्हणून तो जेवढं देईल तेवढं खात्रीचं. त्यामुळे या उपनगराची हद्द कुठवर, हे पलीकडच्या उपनगरातल्या माणसानं सांगायचं, आणि ते विचारायचं पलीकडच्याच मोजणीदारानं. आपल्या मोजणीदारानं फक्त टेपचं दुसरं टोक धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

ऐकून त्याला हायसं वाटलं. पण ते दाराबाहेर येईपर्यंतच. दाराबाहेर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की चरीच्या पलीकडे राहतं कोण. हेडबाई!

हेडबाई म्हणजे पलीकडच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताईच्या घराला पाठ लावून त्यांचं घर. त्या जन्मल्या तिथे आणि म्हाताऱ्याही झाल्या तिथेच. तो ओढा वाहताना पाहिलेल्यांपैकी त्या भागात त्या एकट्या उरल्या होत्या. आणि ताईचं नि त्यांचं कित्येक वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण ताईनं कपडे धुवायला मागच्या बाजूला पत्र्याची शेड घातली होती, ती थेट चरीवर. हेडबाई म्हणायच्या, हे जुन्या ओढ्याचं पात्र आहे, इथे बांधायचा अधिकार कुणाला नाही. आणि ताई, आता कपाळावर हात मारा, ताई कुंपणावरून भर गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, की कसला आलाय ओढा, सांडपाण्याची गटार आहे ती, इथे ओढा कधी नव्हताच. एकदा चौकशीला साहेब आले होते, तर त्यांच्यासमोरही तिनं हेच छातीठोकपणे सांगितलं.

म्हणजे बघा देवाची करणी. शेड वाचवायला जे वाक्य ताईनं इतकी वर्षं घासूनपुसून धारदार केलं, तेच आता तिच्या मानेवर आलं होतं. हेडबाईंनी काही खोटं रचायचीसुद्धा गरज नव्हती. ‘ती म्हणते ना ओढा नव्हता? मग नव्हता,’ एवढं म्हटलं की काम तमाम.

ताई भावाकडे आली ती डोळे सुजवून. पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसली. मग हळूच म्हणाली, “धाकट्या, नकाशावर रेघ किती जाड असते रे?”

“का?”

“नाही, म्हटलं, पेन्सिलीचं टोक जरा जाड ठेवलंस तर आमचं घर त्या जाडीत कुठेतरी मावेल.”

त्याला हसू आलं. तो म्हणाला की ताई, तू मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल जो चिमटा काढलास त्याचा वळ अजून आहे, आता मला तेच करायला सांगू नकोस. ताईनं मान खाली घातली. मग विचारलं की हेडबाईंच्या पाया पडून येऊ का. तेही चालणार नव्हतं. साक्ष देणाऱ्या माणसाला आधी भेटायचं नाही, हाही त्या रीतीचाच भाग. माफी मागायचीही सोय नाही. जाताना ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, त्यांच्या जागी मी असते ना, तर मी सोडलं नसतं. तिला स्वतःचाच स्वभाव ठाऊक होता, म्हणून तर तिचा धीर सुटला होता.

मोजणीचा दिवस उजाडला. ऊन कोवळं होतं. चरीच्या एका काठाला मॅडम आणि गल्लीतली पाचसहा माणसं, दुसऱ्या काठाला पलीकडचा मोजणीदार. हा जाड चष्म्याचा गृहस्थ शब्दांच्या बाबतीत इतका कंजूष, की दोन्ही कचेऱ्यांत त्याचं नाव मौनीबाबा पडलं होतं. त्यानं नमस्कारही अर्धाच केला. आपल्या मोजणीदारानं टेपचं टोक मुठीत धरलं. ताई मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वरच्या खिडकीशी भावोजींची खुर्ची, आणि नर्सबाईंचं काम रोजच्यासारखं सुरू. आतून आवाज येत होता, म्हणा, टाकी, टाकी. आणि मग एक घोगरा, अडखळता प्रयत्न.

हेडबाई काठी टेकत आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून बसवलेले केस. सगळे नकळत ताठ उभे राहिले. एका काकांनी तर तोंडातली सुपारी गिळली. मौनीबाबानं विचारलं, “बाई, यांचं उपनगर इथे कुठवर येतं?”

काठीच्या टोकानं ताईकडे बोट केल्यासारखं करत हेडबाई म्हणाल्या, “आधी ही सांगू दे. काय गं, ओढा होता की गटार?”

मॅडम म्हणाल्या की रीतीप्रमाणे ताईचं म्हणणं धरता येणार नाही. हेडबाई म्हणाल्या, “धरू नका. मला ऐकायचंय.”

मोजणीदाराला वाटलं, आता संपलं. ‘ओढा होता’ म्हणावं तर आजवरचं सगळं खोटं, आणि तेही गरज पडली म्हणून कबूल केलेलं. ‘गटार’ म्हणावं तर घर गेलंच. त्यानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं, टेपशिवाय.

ताई चौकटीपासून सुटी झाली. दोन पावलं पुढे आली. “ओढाच होता, बाई,” ती म्हणाली. “शेडचे खांब रोवले तेव्हाच कळलं मला. खाली गोटे लागले, पाण्यानं झिजलेले, गुळगुळीत. मी ते गुपचूप परत पुरले. माझं म्हणणं आज धरत नाहीत, म्हणून नाही सांगत. सांगायचं राहिलं होतं, म्हणून सांगते.”

खिडकीतून पुन्हा तोच घोगरा आवाज आला. हेडबाईंनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मौनीबाबाकडे वळून, वर्गात धडा समजावून द्यावा तसं स्वच्छ सांगायला लागल्या. ओढा टाकीकडून यायचा आणि इथे पोट काढून वळायचा. लहानपणी याच वळणावर त्यांची एक चप्पल वाहून गेली, त्याबद्दल आईनं फटकावलं होतं. रस्ता झाला तेव्हा माणसांनी बांध घालून पाणी एका हंगामात तिकडे वळवलं; ओढा आपल्या पायांनी गेला नाही, त्याला नेलं. आणि शेडच्या फरशीखाली कपडे धुवायची सपाट शिळा असली पाहिजे, बघा उकरून. मौनीबाबाच्या माणसांनी फरशी उचलली, माती सारली, आणि शिळा निघाली, मधोमध खोलगट झालेली.

“लिहा,” हेडबाई म्हणाल्या. “यांचं उपनगर माझ्या कुंपणापर्यंत येतं. ही गल्ली त्यांची.”

मॅडमनी एक मोठा श्वास सोडला. ताई मागे सरकून दाराच्या पायरीवर बसली. हेडबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कालपासून मी तुझंच वाक्य पाठ करत होते. कसला आलाय ओढा. चांगलं पाठ झालं होतं. पण माझं भांडण तुझ्या शेडशी आहे, त्यांच्या जिभेशी नाही.”

ताईनं नुसते हात जोडले.

“हात काय जोडतेस? शेड काढायची.”

“आजच काढते.”

“आज कशी काढशील? कपडे वाळत घातलेत ना आत. ओल्या कपड्यांचं काय करणार? उद्या काढ.”

तेव्हा गल्ली हसली. अशी हसली की खिडकीतून नर्सबाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं, आणि कुणीतरी खालून ओरडून सांगितलं की तुम्ही उद्या यायचं, परवाही यायचं, सुट्टी मिळणार नाही. मोजणीदार अजून टेपचं टोक घट्ट धरून उभा होता. बोटं इतकी आवळली होती की उघडेनात. मौनीबाबा चर ओलांडून आला, त्याच्या हातावर थोपटलं आणि त्या दिवसातलं आपलं सगळ्यात लांब वाक्य बोलला: “सोडा हो आता, मोजून झालं, बहीण घरातच आहे तुमची.”

त्यानं टेप सोडला. सरसर आवाज करत तो चकतीत गेला. मग मोजणीदार चरीच्या काठावर गवतातच बसला आणि ताईनं आणलेला चहा प्यायला. मोजणी संपली होती, आता हरकत नव्हती. चहा गोडमिट्ट झाला होता, साखर दोनदा पडली असावी. त्यानं दुसरा कप मागितला.

नकाशावर ती रेघ आजही तशीच आहे. रस्त्याबरोबर सरळ येते, गल्लीपाशी पोट काढून वळसा घेते आणि पुन्हा सरळ जाते. परका माणूस बघून म्हणतो, रेघ मारणाऱ्याचा हात हलला वाटतं. दुसऱ्या दिवशी शेड निघाली. हेडबाई कुंपणाशी खुर्ची टाकून देखरेख करत होत्या, पत्रे असे नको तसे ठेव, खिळे वेगळे जमव, पोरांच्या पायात जातील. ताई उलट उत्तर देत होती, पण हळू आवाजात. नंतर कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे बांधायची यावरून त्यांचं पुन्हा वाजलंच, आणि ते शेवटपर्यंत अधूनमधून वाजत राहिलं. नर्सबाई मात्र येत राहिली. भावोजींना पुढे पूर्ण वाक्य कधी जमलं नाही, पण हवं ते मागता येईल इतकी वाचा परत आली, आणि त्या घराला तेवढी पुरली.

हेडबाई आता नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात दुसरे लोक राहतात, त्यांना ही हकीकत माहीतही नसेल. म्हणून उठायच्या आधी तुमच्याकडे एकच मागणं. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर त्या कडक इस्त्रीच्या म्हातारीचीही आठवण करा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. हेडबाई म्हटलं की पोचेल.